गांजाच्या दुकानात मुलानं पैसे घालावेत का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. मुलगा अकरा वर्षं न्यू जर्सीत आहे, दोन वर्षांपूर्वी त्याला ग्रीन कार्ड मिळालं. त्याचा एक मित्र, तिकडचाच नागरिक, गांजाचं छोटं दुकान काढतोय आणि भागीदारीसाठी मुलाकडे 40 हजार डॉलर मागतोय. मुलगा म्हणतो, "बाबा, इथे हे कायदेशीर आहे. आणि लहान धंदेवाल्यांसाठी वेगळा परवाना आहे, त्यात मोठ्या कंपन्या शिरूच शकत नाहीत." धंद्याचं नाव ऐकूनच आम्हा दोघांना कसंतरी झालं, पण ते बाजूला ठेवतो. मुलाचं म्हणणं खरं आहे का? लहान माणूस यात टिकतो का?

उत्तर : भाऊ, आधी मुलाचं सांगते, कारण त्यात वेळ दवडण्यासारखं नाही. त्यानं हे पैसे देऊ नयेत. भागीदार म्हणून नको आणि मित्राला उसने म्हणूनही नको.

न्यू जर्सीनं परवानगी दिली आहे, पण ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व केंद्र सरकार देतं, आणि केंद्राच्या कायद्यानं या धंद्याला मान्यता दिलेली नाही. नागरिकत्वाचे अर्ज पाहणाऱ्या खात्यानं एप्रिल 2019 मध्ये लेखीच काढलं, की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाच्या धंद्यातली साधी नोकरीसुद्धा 'चांगल्या चारित्र्या'च्या अटीत आड येऊ शकते. भागीदारी तर त्याच्या कितीतरी पुढची. उद्या तो तुम्हाला भेटायला नाशिकला आला, तर परतीच्या वेळी विमानतळावर अडचण येऊ शकते. मित्र नागरिक आहे, त्याला हा धोका नाही. म्हणून कदाचित त्याच्या डोक्यातही आलं नसेल. मुलाला एकदा इमिग्रेशनच्या वकिलाकडे पाठवा. त्या तासाभराची फी 40 हजारांपुढे काहीच नाही.

आता लहान माणसाचं. मी इथे अमेरिकेत सत्तावीस वर्षं छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे.

'परवान्यांवर मर्यादा' म्हटलं की लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एकूण परवाने किती द्यायचे, ही एक मर्यादा. एका माणसाकडे किती असावेत, ही दुसरी. पहिलीचा परिणाम तुम्हाला आपल्याकडच्या वाइन शॉपवरून लगेच कळेल. सत्तरच्या दशकापासून नवे परवाने देणं थांबलं, आणि जुना कागदच कोटींच्या भावाने हात बदलायला लागला. ज्याच्या खिशात कोटी, त्याचं दुकान. ही मर्यादा लहानाच्या भल्यासाठी म्हणून घातली, तरी फायदा आधीपासून आत बसलेल्याचाच होतो. दुसरी मर्यादा मात्र लहानाला खरंच वाचवते, जर पळवाट बुजवली तर.

न्यू जर्सीचा कायदा फेब्रुवारी 2021 चा. गांजा पिकवणाऱ्यांसाठी पहिली दोन वर्षं 37 परवान्यांची कमाल होती, पण छोट्यांना, म्हणजे इथल्या भाषेत मायक्रोबिझनेसला, त्यातून वगळलं होतं. ते चांगलंच केलं. मायक्रो म्हणजे जास्तीत जास्त 10 कामगार आणि 2,500 चौरस फूट, आपले जेमतेम सव्वादोन गुंठे. मालक सगळे किमान दोन वर्षं राज्यात राहणारे हवेत आणि परवाना विकता येत नाही. मोठी कंपनी उद्या येऊन तो विकत घेणार नाही, म्हणून हा नियम मला पटतो. तुमचा मुलगा म्हणतो ते इथपर्यंत बरोबर आहे.

पण मोठ्या कंपन्या शेजारच्या रस्त्यावर मोठ्या परवान्यावर बसलेल्या असतातच. 21 एप्रिल 2022 ला राज्यात सर्वांसाठी विक्री सुरू झाली, तेव्हा परवानगी मिळालेली होती ती आधीपासून औषधी गांजा विकणाऱ्या सात कंपन्यांच्या 13 दुकानांना. लहान माणूस तेव्हा अर्जाच्या रांगेत होता.

शिवाय लायसन राज्याचं असलं तरी किल्ली गावाकडे. ऑगस्ट 2021 पर्यंत 565 पैकी सुमारे 400 गावांनी 'आमच्या हद्दीत नको' असा ठराव केला. उरलेल्यांपैकी अनेकांनी एकदोन दुकानांपुरतीच परवानगी ठेवली, तीही ठरावीक भागात. त्या भागातल्या गाळ्यांचे मालक हे ओळखून असतात. माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्यानं असा गाळा महिना 4,800 डॉलरनं धरला. गावाचा परवानगीचा ठराव पुढे ढकलला गेला, मग बदलला. एके संध्याकाळी बाईंनी भाड्याच्या अकरा चेकांच्या प्रती माझ्या टेबलावर पत्त्यांसारख्या ओळीनं मांडल्या. 52,800 डॉलर, आणि दुकानात अजून एक बरणीही आली नव्हती. मोठी साखळी अकरा महिने गाळा रिकामा ठेवू शकते. यांनी मुलीच्या कॉलेजचे पैसे काढले होते.

त्यात प्राप्तिकराचं कलम 280E, 1982 पासूनचं. गांजा विकणाऱ्याला मालाची किंमत वजा करता येते. भाडं, पगार, वीज यांची वजावट मिळत नाही. समजा विक्री 100, माल 60, बाकी खर्च 30. हातात राहिले 10. कर मात्र 40 वर, म्हणजे कंपनीकराच्या 21 टक्क्यांनी 8 डॉलर 40 सेंट. भाड्यामुळे खर्च 35 झाला, की नफा 5 आणि कर तोच. घरातून भरायचा. मे 2024 मध्ये केंद्रानं गांजाला अमली पदार्थांच्या कमी कडक यादीत न्यायचा प्रस्ताव मांडला. तो या धंद्याला पूर्णपणे लागू झाला तर हे कलम सुटेल. पण त्या भरवशावर कुणी आज गाळा धरू नये.

पळवाटेचं म्हणाल तर कॅलिफोर्निया पाहा. 2016 मध्ये तिथल्या मतदारांनी कौल दिला, तेव्हा लिहिलं होतं की 2023 उजाडेपर्यंत एक एकरापेक्षा, म्हणजे 40 गुंठ्यांपेक्षा मोठ्या शेताला परवाना नाही. हम्बोल्ट, मेंडोसिनो, ट्रिनिटी या डोंगराळ भागांत पिढ्यान्‌पिढ्या हेच पीक घेणाऱ्यांना 2018 मध्ये परवाने सुरू झाल्यापासून पाच वर्षं सावरायला मिळणार होती. नोव्हेंबर 2017 मध्ये शेती खात्याचे नियम आले, त्यात 10,000 चौरस फुटांचे, नऊएक गुंठ्यांचे, परवाने एकानं किती घ्यावेत यावर बंधनच नव्हतं. पैसेवाल्यांनी डझनांनी परवाने घेऊन शेजारी शेजारी लावले. कागदावर नऊ नऊ गुंठ्यांचे तुकडे, डोळ्यांना अखंड शिवार. 2021 मध्ये घाऊक भाव कोसळले, पण पिकावरचा कर वजनावर होता : औंसाला 9 डॉलर 65 सेंट, पाउंडाला सुमारे 154. भाव पडला तरी कर तोच. 1 जुलै 2022 ला तो रद्द झाला, तोवर कित्येक छोट्या शेतकऱ्यांनी गाशा गुंडाळला होता. मला याचा आजही राग येतो. मतदारांनी दिलेली मुदत एका वगळलेल्या ओळीनं गिळली.

तेव्हा लहान माणूस टिकतो का? टिकतो, पण गाळा स्वतःचा असेल, किंवा गावाचा ठराव हातात आल्यावरच भाडं सुरू होईल असा करार असेल तर. मुलाच्या मित्राला माझ्याकडून एवढंच विचारायला सांगा : भाडेकरारावरची तारीख कोणती, आणि गावाच्या ठरावावरची कोणती? भाड्याची आधीची असेल, तर सही करण्यापूर्वी त्यानं जागामालकाशी पुन्हा बोलावं.