माफीनाम्यावर सही करू नका, खुलाशाची मुदत चुकवू नका

प्रश्न : तालुक्याच्या गावातल्या अनुदानित हायस्कूलमध्ये मी अकरा वर्षं सहशिक्षिका आहे, कायम आहे. आठवीला इतिहास शिकवते. 'समतेचा लढा' हा पाठ घेताना महाडचा सत्याग्रह आणि मनुस्मृतीचं दहन समजावलं, त्याला जोडून संविधानाचं कलम १७ फळ्यावर लिहिलं. कुणीतरी चाळीस सेकंदांची क्लिप काढून गावच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी एका संघटनेचे वीस-पंचवीस कार्यकर्ते निवेदन घेऊन शाळेत आले. संस्थेचे सचिव म्हणतात, 'माफीनामा लिहून द्या, नाहीतर राजीनामा द्या, मी मिटवतो.' तोवर निलंबनाचा आदेश हातात पडला, आरोपांचं पत्र आलं आणि पोलीस ठाण्यातून 'जबाबाला या' असा फोनही आला. काय करू?

उत्तर : आधी सहीचं बोलू. माफीनामा असो, राजीनामा असो की 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी' असा दोन ओळींचा कागद असो, कशावरही सही करू नका. सचिवांच्या मनात काही वाईट असेलच असं नाही. जमाव दारात आला की संस्थेला दाखवायला एक कागद हवा असतो, इतकंच. पण तोच कागद पुढे चौकशी समितीपुढे कबुली म्हणून ठेवला जातो आणि पोलिसांच्या फाइलमध्ये 'भावना दुखावल्याचं मान्य केलं' म्हणून लागतो. बदल्यात निलंबन मागे घ्यायला संस्था कुठेही बांधील नाही.

राजीनाम्याची रीत तर कायद्यातच ठरलेली आहे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ च्या कलम ७ नुसार राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. केबिनमध्ये बसवून, तारीख कोरी ठेवून घेतलेला कागद या कसोटीला उतरत नाही. तसा कागद आधीच गेला असेल, तर आजच 'दबावाखाली घेतलेला राजीनामा मागे घेत आहे' असं पत्र संस्थेला पाठवा आणि प्रत शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद यांना द्या. ते स्वीकृतीच्या आधी पोहोचायला हवं. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं आहे. त्यामुळे पत्र स्पीड पोस्टने, पोच मागून पाठवा आणि पावती जपून ठेवा.

आता बचाव कशावर उभा करायचा ते पाहू. बहुतेक शिक्षक पहिल्याच वाक्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्य मांडतात. ते फौजदारी प्रकरणात उपयोगी पडेल, सेवेच्या प्रकरणात ती दुसरी फळी आहे. पहिली फळी अशी : मी नेमून दिलेलं काम केलं. अमेरिकेत वंशभेद वर्गात कसा शिकवायचा यावर ओक्लाहोमा आणि टेक्ससने २०२१ मध्ये, फ्लोरिडाने २०२२ मध्ये निर्बंध घालणारे कायदे केले, म्हणून तिथल्या शिक्षकांना त्या कायद्याशीच झगडावं लागतं. तुमच्या वाटेत असा कायदा नाही. उलट शिक्षणहक्क कायदा, २००९ चं कलम २९(२)(क) पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांशी सुसंगत असावा असं सांगतं, आणि तुमचा वर्ग आठवीचा आहे. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७ हे मूल्य नव्हे तर काय? शिवाय १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत नियम २८(५) खाली मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण न करणं 'अकार्यक्षमता' ठरतं. म्हणजे हा पाठ गाळला असता, तर दोष तुमच्याकडे आला असता.

आरोपांचं पत्र मिळाल्यापासून लेखी खुलाशाला सात दिवस असतात (नियम ३६). पत्र मिळाल्याच्या तारखेपासून दिवस मोजायचे, म्हणून पाकीट फेकू नका, त्यावरचा टपालाचा शिक्का हाच तुमचा पुरावा. कागदपत्रं मागायचा हक्क आहे, पण ती येईपर्यंत खुलासा थांबवू नका. तो छोटा आणि कोरडा हवा. मनुस्मृतीवर निबंध नको, संघटनेवर टीका नको, तुमची विचारसरणी तर अजिबात नको. साधारण असं लिहा :

'दि. ... रोजी चौथ्या तासिकेला इयत्ता आठवी (अ) च्या वर्गावर मी इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील "समतेचा लढा" हा पाठ शिकवला. वार्षिक नियोजनानुसार हा घटक याच महिन्यात होता. टाचण वहीत त्याची नोंद आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह (२० मार्च १९२७) व मनुस्मृतीचे दहन (२५ डिसेंबर १९२७) या घटना मी इतिहास म्हणून सांगितल्या. कोणत्याही धर्माचा, जातीचा वा विद्यार्थ्याचा अवमान करण्याचा माझा हेतू नव्हता व तसे शब्द मी वापरलेले नाहीत. प्रसारित चित्रफीत अपूर्ण आहे. तक्रारीची प्रत व संपूर्ण चित्रफीत मिळाल्यावर अधिक खुलासा करण्याचा हक्क राखून ठेवते.'

यातलं फक्त खरं तेवढंच ठेवा. त्या आठवड्याच्या टाचणावर (पाठाच्या पूर्वतयारीच्या नोंदीवर) मुख्याध्यापकांची सही राहून गेली असेल, तर आता मागची तारीख घालून घेऊ नका. शाईवरून नाही, तर आधीच्या-नंतरच्या पानांवरून ते उघड होतं आणि साधा तांत्रिक दोष बनावट कागद होऊन बसतो. आणि एक गोष्ट तुमची तुम्हीच तपासा. ओघात आजच्या एखाद्या पक्षाचं नाव आलं का? एखाद्या मुलाकडे बोट दाखवून 'तुमच्या लोकांनी' असं काही म्हटलं गेलं का? तसं असेल तर 'तसे शब्द वापरलेले नाहीत' हे वाक्य काढा आणि खुलासा वकिलाला दाखवूनच द्या. शिक्षकांची आचारसंहिता (नियम २२) विद्यार्थ्यांत जातीधर्मावरून भेद करू नये असं सांगते. त्यामुळे संस्था नेमकं तिथेच शोधणार.

निलंबनाच्या आदेशात शिक्षणाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीचा क्रमांक आणि तारीख आहे का ते बघा. नियम ३३ आणि ३५ ती परवानगी मागतात. ती नसली म्हणजे निलंबन आपोआप रद्द होतं अशी समजूत शिक्षकांत फार पसरलेली आहे, पण तसं नाही. नियम ३५ मध्येच विनापरवानगी निलंबनाचा विचार केलेला आहे आणि त्याचा परिणाम म्हणजे निर्वाह भत्ता संस्थेने स्वतःच्या पैशातून द्यायचा. परवानगी असेल तर पहिले चार महिने तो नेहमीच्या पगाराच्या मार्गाने येतो, नंतर तिथेही भार संस्थेवर जातो. भत्ता म्हणजे अर्धपगारी रजेइतका पगार आणि त्यावरचा महागाई भत्ता. सचिव 'बघू' म्हणायचे थांबतात ते बहुतेक वेळा पैशाचा हा हिशेब लेखी पुढे ठेवल्यावर.

निलंबनाच्या काळात दुसरी खाजगी नोकरी चालत नाही. घरी शिकवण्या घेऊन आयतं निमित्त देऊ नका. मुख्यालय (नेमणुकीचं गाव) सोडायचं असेल, माहेरी दोन दिवस जायचं असलं तरी, आधी लेखी परवानगी घ्या, कारण या दोन अटी मोडल्या तरच भत्ता रोखता येतो. निलंबनाविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात अपील होत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, आणि गरज पडली तर उच्च न्यायालयात रिट.

खरी लढाई चौकशी समितीची आहे. खुलासा समाधानकारक वाटला नाही तर संस्था तीन जणांची समिती नेमते. त्यात एक संस्थेचा प्रतिनिधी (तोच निमंत्रक), एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षक आणि एक तुमचा प्रतिनिधी, जो कोणत्याही खाजगी शाळेचा कर्मचारी हवा. तुमच्या प्रतिनिधीचं नाव कळवायला पंधरा दिवस आणि सोबत त्या व्यक्तीची लेखी संमती लागते. 'सगळं आधीच ठरलंय, मी कशाला नाव देऊ' असं रागाने म्हणणारे शिक्षक इथेच हरतात. मुदत टळली की समिती दोघांचीच होते आणि ती वैधही असते. प्रतिनिधी निवडताना गावातला मोठा माणूस शोधू नका. कागद वाचणारा, प्रत्येक बैठकीला येणारा आणि पटलं नाही तर भिन्नमत लिहून देणारा शिक्षक निवडा. निवृत्त मुख्याध्यापक कितीही हुशार असले तरी ते आता कर्मचारी नाहीत.

समिती स्थापन झाल्यावर सात दिवसांत दोषारोपपत्र यायला हवं, आणि त्यात नेमकेपणा हवा. 'समाजात तेढ निर्माण होईल असं वर्तन' हा दोषारोप नव्हे. कोणतं वाक्य, कोणत्या तारखेला, कोणत्या तासिकेला? ते मागा. त्यानंतर दहा दिवसांत साक्षीदारांची नावं द्यायची. उलटतपासणीचा हक्क तुम्हाला आहे आणि क्लिप कुणी काढली, किती काढली, किती कापली हे तिथेच विचारायचं. कामकाजाच्या नोंदींवर तुमची सही लागते. पटत नसेल तिथे 'आक्षेपासह' लिहून सही करा. तिथे गप्प राहून न्यायाधिकरणात आठवलेल्या आक्षेपाला फारसं वजन उरत नाही. शेवटी कामकाजाचा गोषवारा आणि जबाबांच्या प्रती मिळायला हव्यात आणि त्यावर खुलाशाला आणखी सात दिवस. घाईत असलेल्या संस्था हीच पायरी सर्रास गाळतात, आणि मोठी शिक्षा टिकत नाही ती बऱ्याचदा याच पायरीवर.

कॅलेंडरवर एक तारीख लाल करून ठेवा. निलंबनाचा दिवस किंवा समितीची पहिली बैठक, यांपैकी जे आधी असेल तिथून १२० दिवस. या मुदतीत चौकशी संपली नाही आणि शिक्षण उपसंचालकांच्या पूर्वपरवानगीने मुदत वाढवलेली नसेल, तर नियम ३७(२)(फ) प्रमाणे निलंबन संपतं आणि तुम्ही कामावर रुजू झालात असं मानलं जातं. चौकशी मात्र चालू राहू शकते. उदाहरणार्थ, निलंबन २ जुलैचं असेल तर ३० ऑक्टोबरला १२० दिवस भरतात. दुसऱ्या दिवशी रुजू अहवाल घेऊन शाळेत जा. घेतला नाही तर त्याच दिवशी पोस्टाने पाठवा. घरी बसून आदेशाची वाट पाहणाऱ्याचा त्यापुढचा पगार वादात अडकतो.

बडतर्फी झालीच तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करा. पुन्हा नेमणूक आणि थकीत पगार देण्याचे अधिकार त्याला आहेत. (जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांना हे सगळं लागू नाही, त्यांचे शिस्त व अपील नियम १९६४ चे, वेगळे आहेत.)

पोलिसांच्या फोनबद्दल. फोनवर 'येते' किंवा 'येत नाही' यांपैकी काहीच म्हणू नका, 'कृपया लेखी नोटीस द्या' एवढंच नम्रपणे सांगा. नोटीस साक्षीदार म्हणून असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे स्त्रीला राहत्या घराखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही, जबाब घरीच घ्यावा लागतो. नोटीस कलम ३५(३) ची असेल तर तुम्ही संशयित आहात. मग दिलेल्या वेळी वकिलासह हजर राहाच, कारण ती पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लिहून ठेवावी लागतात आणि न पाळणं हेच अटकेचं कारण होतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक अपवादानेच होते, तीही महिला अधिकाऱ्याने आणि दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने.

गुन्हा बहुधा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ (गटांत वैर वाढवणं) किंवा २९९ (धार्मिक भावना दुखावणं) खाली लावायचा प्रयत्न होईल. दोन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत, म्हणून गाफील राहू नका. गुन्हा नोंदला की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार असू द्या. पण २९९ ला जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेलं कृत्य लागतं, आणि दोन्ही कलमांत शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१७). मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्यावरून तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याची तक्रार आली, तर त्याच संहितेच्या कलम १७३(३) ची चौदा दिवसांतली प्राथमिक चौकशी आधी करणं योग्य. तो निकाल छापून तपास अधिकाऱ्याला अर्जासोबत द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावरचा व्हॉट्सॲप स्टेटसचा गुन्हा याच न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये जावेद अहमद हजाम प्रकरणात रद्द केला. शब्द मोजायचे ते समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने, कशातही धोका दिसणाऱ्याच्या नव्हे, अशी तिथली कसोटी आहे.

तुम्ही अनुसूचित जातीच्या असाल आणि लोकांसमोर जातीवरून अपमान झाला असेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याखालची फिर्याद स्वतंत्रपणे द्या. केवळ दबावाला उत्तर म्हणून ती देऊ नका.

राहिलं पुराव्याचं. हे याच आठवड्यात करायचं आहे. क्लिप ज्या फोनवर पहिल्यांदा आली तो फोन रीसेट करू नका, ग्रुपमधून बाहेर पडू नका, तुमचा एकही जुना संदेश पुसू नका. न्यायालयात क्लिप दाखवायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फाइल हवी, फॉरवर्ड होत आलेली नको. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी आजच करा, त्यावर पुढचं चित्रण चढत जातं. वार्षिक नियोजन, टाचण वही आणि त्या दिवसाच्या वेळापत्रकाच्या प्रती घ्या. संघटनेचं निवेदन, संस्थेचा ठराव आणि परवानगीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांना गेलेलं पत्र माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. आणि वर्गातल्या मुलांना किंवा पालकांना 'बाईंच्या बाजूने लिहून द्या' म्हणून फोन करू नका. तुमच्या बाजूने बोलणारी मुलं साक्षीदार म्हणून समितीपुढे येऊ शकतात, पण आधी तुमचा फोन गेलेला असेल तर उलटतपासणीत पहिला प्रश्न त्याचाच येईल.