बोटं दिसेनात, मग बोट कुठून दिसणार?

पत्र: माझी मुलगी 18 वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत स्कूबाचा कोर्स केला, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. आता म्हणते, समुद्र नको, धरणाच्या जलाशयात बुडालेल्या बोटींवर डायव्हिंग करायचं आणि त्यातच करिअर करायचं. मागच्या महिन्यात अशाच एका जुन्या मालवाहू बोटीवर गेली होती. अख्खा दिवस त्यात गेला, आणि बोट न बघताच नऊ मिनिटांत वर आली. तरी घरी आली ती खुशीत! तिच्या वहीतली नोंद उतरवून पाठवतेय. यात पोट भरतं का? जिवाला धोका किती? तिचे बाबा म्हणतात, हे खूळ आत्ताच बंद करा. — एक आई

प्रिय ताई,

तुम्ही तक्रार म्हणून जी नोंद पाठवलीत, ती मी तीनदा वाचली. "तळ 21 मीटर. पाणी 9 अंश. गाळ उठला. हात लांब केला तर बोटं दिसेनात, मग बोट कुठून दिसणार? नवव्या मिनिटाला अंगठा वर. शिल्लक 150 बार." पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'छान' नाही. त्याचा अर्थ 'बुडी संपली, वर चला', आणि जोडीदारानं त्यावर 'का' विचारायचं नसतं. म्हणजे सिलिंडरमध्ये भरपूर हवा होती, बोट कदाचित चार हातांवर होती, एवढं सामान वाहून नेलं होतं, आणि तरीही तुमची लेक परत फिरली. तिच्या बाबांना ही नोंद वाचून दाखवा. धोक्याचं बोलू तेव्हा मी पुन्हा तिच्याकडे येईन.

आधी पोटाचं. बुडालेल्या बोटी बघण्याचा पगार कुणी देत नाही. हौशी डायव्हरना शिकवणाऱ्यांना पैसे मिळतात, पण त्यांचे बहुतेक तास उथळ पाण्यात नवख्यांचे मास्क नीट करण्यात जातात. काम चांगलं आहे, पण तुमच्या मुलीच्या डोक्यात ते दिसत नाही. बाकी ज्यांना पाण्याखाली जाण्याचे पैसे मिळतात, त्यांच्यासाठी डायव्हिंग हा कामावर पोचायचा रस्ता असतो. कारकून बसनं ऑफिसला जातो म्हणून आपण त्याला बसवाला म्हणत नाही. तेव्हा घरात 'डायव्हिंग करू द्यायचं की नाही' हा वाद घालण्यापेक्षा तिला एकच विचारा: खाली पोचल्यावर तू काय करणार?

मोजणार? वेल्डिंग करणार? फोटो काढून नकाशा करणार? लाकूड कसं टिकलंय ते तपासणार? हरवलेलं शोधणार? यातल्या प्रत्येकाचं शिक्षण वेगळं आहे.

माझा एक जुना विद्यार्थी असाच यायचा, डोळ्यांत बुडालेली जहाजं घेऊन. आज तो धरणांची तपासणी करतो. एकदा त्याचं काम बघायला मी तराफ्यावर जाऊन उभा राहिलो. तो मला दिसलाच नाही. दिसली ती पाण्यात उतरलेली जाड नळ्यांची जुडी (हवा, दिवा आणि टेलिफोन एकत्र बांधलेला, तिला ते अंबिलिकल म्हणतात), ती हातात धरून तीन तास उभा असलेला सहकारी, आणि एक स्पीकर. स्पीकरमधून आधी श्वास ऐकू यायचा, मग आवाज. धरण पाणी जिथून आत घेतं त्या तोंडाशी ओंडके-कचरा अडवायला गज लावलेले असतात, त्याला ट्रॅश रॅक म्हणतात. तो ते गज हातानं चाचपत मोजत होता. "सात, ठीक. आठ, ठीक. नऊ वाकलाय, तळहाताएवढा. दहा..." मग बराच वेळ नुसता श्वास. "दहा नाहीये." वर आल्यावर हेल्मेट उतरलं आणि अंग पुसायच्या आधी त्यानं कागदावर ते गज काढले, मापांसकट. त्याला पैसे मिळतात ते त्या कागदाचे.

आता जलाशयाविषयी, कारण तुमच्या मुलीनं निवडलेलं पाणी समुद्रापेक्षा सोपं असेल असं तुम्हाला वाटत असणार. लाटा नाहीत, भरती-ओहोटी नाही, काठ दिसतो. पण जलाशय हे माणसानं चालवलेलं यंत्र आहे, आणि त्याची पातळी कुणाच्या तरी हुकमानं किंवा दुष्काळानं बदलते. अमेरिकेतल्या लेक मीडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक हिगिन्स बोट (सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणारी) बुडालेली होती, एकेकाळी पाण्याखाली सुमारे 56 मीटर. 2022 च्या उन्हाळ्यात पाणी इतकं उतरलं की ती काठाजवळ उघडी पडली. जी बोट गाठायला हौशी डायव्हिंगची 40 मीटरची मर्यादा ओलांडावी लागत होती, तिच्यापर्यंत लोक चालत गेले. त्यामुळे जलाशयात कालच्या नकाशावरची खोली आज चालत नाही. दर वेळी त्या दिवशीची पातळी विचारूनच उतरायचं.

उंचीचंही तसंच. जलाशय बहुधा समुद्रसपाटीपेक्षा वर असतात, आणि 300 मीटरच्या वर गेलं की डायव्हिंगचे नेहमीचे तक्ते (किती खोलीवर किती वेळ राहता येतं ते सांगणारे) जसेच्या तसे वापरत नाहीत. वर हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे वर येताना दाबाची घसरण जास्त मोठी होते, आणि खाली शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. 2000 मीटर उंचीवरच्या जलाशयात मारलेली 20 मीटरची बुडी तक्त्यात साधारण 25 मीटरची धरावी लागते. आणि बुडीनंतर घाट चढून घरी येणार असाल तर तो चढही हिशेबात घ्यायचा. गोड्या पाण्याची घनता खाऱ्यापेक्षा अडीच टक्क्यांनी कमी, म्हणून समुद्रात लागणारी शिशाची वजनं इथे दोन-अडीच किलोंनी कमी करावी लागतात. मुलीला हे विचारून बघा. तिनं हे आकडे पटकन सांगितले तर कोर्स नुसता पार पडलेला नाही, मुरलाय.

खरी भीती मात्र वेगळीच आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. धरणाच्या दारात, पाइपात, झडपेपाशी एका बाजूला जास्त पाणी आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल, तर दाबाच्या फरकानं पाणी त्या भोकाकडे ओढलं जातं. अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद भोक आणि पातळीत 10 मीटरचा फरक, एवढ्यावर सुमारे अडीच टनांचा जोर बसतो. त्यात हात अडकला तर सोडवायला दुसरा डायव्हर पाठवणं म्हणजे दुसरा जीव घालवणं. दुरून हा ओढा जाणवत नाही, जाणवतो तोवर उशीर झालेला असतो. म्हणूनच माझ्या त्या विद्यार्थ्याच्या कामात दारं बंद करून कुलूप घालतात आणि किल्ली डायव्हिंग सुपरवायझरच्या खिशात राहते. किल्ली खिशात नाही, तर डायव्हर पाण्यात नाही. हौशी मंडळींनी अशा जागांच्या जवळपासही फिरकू नये. धोका किती, या प्रश्नाचं माझं उत्तर असं की पोहणं किती येतं यावर तो थोडा अवलंबून आहे, आणि 'आज दारं बंद आहेत का' हे कुणी विचारलं का, यावर फार. शिवाय काठाजवळ मासेमारीची तुटलेली जाळी, बुडालेली झाडं आणि जरा पाय हलवला की धुरासारखा उठणारा गाळ आहेच.

मग लोक या गढूळ थंड पाण्यात जातात कशाला? कारण गोडं पाणी वस्तू राखतं. समुद्रात लाकूड पोखरणारा जहाजकिडा गोड्या पाण्यात जगत नाही, लोखंडही सावकाश गंजतं. उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांच्या तळाशी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची लाकडी शिडाची जहाजं काही ठिकाणी डोलकाठ्यांसकट उभी आहेत. लेक मीडमध्ये 21 जुलै 1948 ला बी-29 विमान पडलं, पाचही जण वाचले, विमान मात्र 2001 मध्ये सापडलं, तळाशी बरंचसं अखंड. पण त्यालाही वेळ कमी आहे. 2007 मध्ये त्या जलाशयात क्वागा नावाचे बाहेरून आलेले शिंपले सापडले आणि आता त्यांचे थर विमानावर चढलेत. कुणीतरी ते सगळं आत्ताच मोजून, फोटो काढून ठेवायला हवं.

हे 'कुणीतरी' होण्याचा रस्ता पुरातत्त्वातून जातो. आधी पुरातत्त्व, इतिहास किंवा वस्तूंच्या जतनाचं शास्त्र यातली पदवी, मग पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं पदव्युत्तर शिक्षण. युनेस्कोचा 2001 चा करार सांगतो की शंभर वर्षं पाण्याखाली राहिलेला वारसा शक्यतो जागच्या जागीच राखावा. बुडालेल्या बोटीतून काही उचलून आणायची इच्छा असेल तर ती आत्ताच सोडलेली बरी. वासा हे स्वीडिश जहाज 1628 मध्ये बुडालं, 1961 मध्ये वर काढलं, आणि त्याचं भिजलेलं लाकूड तडकू नये म्हणून त्याच्यावर 17 वर्षं रसायनाची फवारणी चालली. ती फवारणी करणारे रसायनतज्ज्ञही या क्षेत्रातलेच, आणि त्यांना कामासाठी कधी ओलं व्हावं लागलं असेल असं नाही. नोकऱ्या मात्र थोड्या आहेत, हे तिच्यापासून लपवू नका.

पैशाच्या दृष्टीनं मला जास्त भरवशाचा वाटतो तो सर्वेक्षणाचा रस्ता. जलाशयात गाळ किती साठला, तळ कसा बदलला, हे दर काही वर्षांनी मोजावंच लागतं. ते काम सोनार नावाच्या यंत्रानं होतं. बोटीखाली ध्वनिलहरी सोडून तळाचं चित्र काढायचं, त्यात एखादी सरळ रेघ दिसली की बघायचं ती झाड आहे की बोटीचा कणा. शंका असेल तर आधी कॅमेरा लावलेला रोबो उतरवतात, आणि माणूस सगळ्यात शेवटी. पुढेही असंच होत जाणार आहे. नुसतं उतरता येणाऱ्याची कामं रोबो खाईल. उतरता येतं, सोनारचं चित्र वाचता येतं आणि शेकडो फोटो जोडून बोटीचं त्रिमितीय मॉडेल करता येतं, अशा माणसाला रोबोच हाताशी लागेल. सिव्हिल किंवा सर्वेक्षणाची पदवी आणि सोबत डायव्हिंग, ही जोडी म्हणून मला आवडते.

आणि थेट व्यावसायिक डायव्हर व्हायचं असेल तर तिचं हौशी कार्ड तिथे चालणार नाही. व्यावसायिक शाळेत वरून हवा पुरवणारी यंत्रणा, हेल्मेट, पाण्याखालचं कटिंग-वेल्डिंग आणि तपासणी शिकवतात, आणि दर वर्षी वैद्यकीय तपासणी असते. कान, सायनस, फुप्फुसं. पैसे खर्च करायच्या आधी डायव्हिंगची जाण असलेल्या डॉक्टरकडून तपासून घ्या, नंतर नको. या कामात शरीर झिजतं. चाळिशीनंतर बरेच जण वर तराफ्यावर सुपरवायझर म्हणून येतात, म्हणून हिशेब, अहवाल, माणसं सांभाळणं हेही लवकर शिकलेलं बरं.

तिच्या बाबांना माझं एवढंच सांगणं: बंद करू नका, अट घाला. पदवीला प्रवेश घ्यायचा, आणि तोवर बुडालेल्या बोटींच्या आत शिरायचं नाही. बाहेरून बघावं, मोजावं, चित्र काढावं. आत शिरायला वेगळं प्रशिक्षण लागतं: बाहेरपासून सोडत न्यायची दोरी, तीन दिवे, आणि हवेचे तीन भाग. एक आत जायला, एक बाहेर यायला, एक राखीव. छप्पर डोक्यावर असताना नवव्या मिनिटाला नुसता अंगठा वर करून भागत नाही.

आता थोडं तिच्याशी. तू पुढच्या वेळी त्याच बोटीवर जा. आधी त्या दिवशीची पातळी विचार, धरणाची तोंडं कुठे आहेत आणि कुठलं दार उघडं आहे ते विचार, आणि ज्यांच्या ताब्यात जलाशय आहे त्यांची परवानगी घे. सोबत पाण्यात लिहायची पाटी आणि मोजपट्टी ने. गाळापासून हातभर वर राहा, पाय बेडकासारखे मागे ढकल, खाली मारू नकोस. अख्खी बोट बघायचा हट्ट नको. तिचा एकच भाग घे, विंच (दोर ओढायचं यंत्र) म्हण किंवा सुकाणू, आणि तेवढ्याचं मापांसकट चित्र करून आण. रेघा वाकड्या आल्या तरी चालतील.

ताई, ते चित्र पुढच्या पत्रासोबत पाठवा. आणि पुन्हा गाळ उठला, चित्र झालंच नाही, तर वहीतलं ते पान पाठवा.