लाइट गेली की नळ कोरडा

प्रश्न : आमचं गाव नाथसागराच्या काठावर. वळवाच्या वाऱ्यात खांब पडला की दोन-तीन दिवस लाइट नसते. जॅकवेलचा (धरणातलं पाणी उपसायच्या विहिरीचा) 50 एचपीचा पंप बंद पडतो आणि धरण समोर दिसत असताना बाया टँकरची वाट बघतात. एक विक्रेता म्हणतो, पाण्यावर तरंगते सौर पॅनल टाका. लाइट नसली तरी पंप चालेल, बाष्पीभवनही थांबेल. पैसे घालावेत का?
– ग्रामपंचायत सदस्य, पैठण तालुका

उत्तर : बाष्पीभवनाचं आधी उरकतो. तेलंगणात रामगुंडमला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा 100 मेगावॅटचा तरंगता प्रकल्प आहे. त्याने व्यापलं पाणी 500 एकर, म्हणजे जेमतेम दोन चौरस किलोमीटर. तुमचा नाथसागर भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतो. तुमच्या पाच-पन्नास पॅनलांनी त्याला काय सावली होणार!

खरी मेख तारेत आहे. पॅनल महावितरणच्या लाइनला जोडलेले असले, तर लाइन जाताच त्यांचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज लाइनजोगी करणारं यंत्र, आपोआप बंद होतो. तो बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या विजेचा झटका बसू नये म्हणून तशी सोयच असते. म्हणजे भर दुपारी कडक ऊन, पॅनल चकाकतायत आणि पंप ठप्प. पाणीपुरवठ्यात माझी तीस वर्षं गेली. हे दृश्य बघून सरपंचाचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे. लाइनशिवाय पंप चालवायचा तर थेट पॅनलच्या विजेवर मोटर फिरवणारं यंत्र, म्हणजे ड्राइव्ह, घ्या, नाहीतर बॅटरी आणि लाइनशिवाय चालणारा इन्व्हर्टर. 50 एचपी म्हणजे 37 किलोवॅट. पॅनल त्याहून बरेच जास्त लागतील, सकाळचं ऊन कोवळं असतं. बॅटरीत मात्र फार पैसे घालू नका. दिवसा उपसा आणि जलकुंभ भरून ठेवा. साठवायचं ते पाणीच.

आणि पॅनल पाण्यावरच कशाला? सिंगापूरला जागा नाही, म्हणून त्यांनी 2021 मध्ये टेंगे जलाशयावर 60 मेगावॅटचे टाकले. तुमच्याकडे पाणी उन्हाळ्यात मागे सरकतं. तराफे गाळात बसतील, दोर ढिले पडतील. वाऱ्याचंही भय आहेच. जपानच्या यामाकुरा धरणावर 2019 च्या वादळात पॅनल एकमेकांवर चढले आणि पेटले. पाणी शुद्ध करायच्या फिल्टरजवळ गावठाणाची जागा असेल तर तिथेच लावा, पुसायलाही सोपं.

विक्रेत्याला एवढंच सांगा : आमच्यासमोर मुख्य स्विच पाड आणि पंप फिरवून दाखव. तोवर शेवटचा हप्ता द्यायचा नाही.