लघुप्रबंधाचे पहिले प्रकरण मार्गदर्शकांना पटत नसेल, तर त्यात काय बदलावे?

रोजगार हमी योजनेवरील आपल्या एम.ए.च्या लघुप्रबंधाचे प्रास्ताविक मार्गदर्शकांनी 'माहिती आहे, पण पटत नाही' असा शेरा मारून परत केले, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते आधी त्यातली बरीचशी माहिती काढून टाकावी लागेल. माझ्याही प्रास्ताविकाची सुरुवात 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' या वाक्याने झाली होती. मार्गदर्शकांनी पहिल्या चार पानांवर पेन्सिलीने तिरक्या रेघा ओढल्या, कारण संशोधनाचा प्रश्न उगवत होता पाचव्या पानावर.

आपल्या विषयाला पार्श्वभूमी भरपूर आहे. १९७२चा दुष्काळ, त्याआधी विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यात झालेला रोजगार हमीचा प्रयोग, १९७७चा राज्याचा कायदा, २००५चा केंद्राचा कायदा, हे सारे परीक्षकांना ठाऊक असते. ज्यावाचून आपला प्रश्न समजणार नाही, तेवढेच ठेवावे. समजा, योजनेतून बांधलेल्या, पाणी जमिनीत मुरवणाऱ्या पाझर तलावांचा लाभ आज कोणाच्या विहिरींना होतो, हा आपला प्रश्न आहे. मग मजुरी आणि हजेरी यांचा इतिहास दोन वाक्यांत आटोपून थेट १९७७च्या कायद्यातील एका अटीवर यावे : कामे 'उत्पादक' असली पाहिजेत. उत्पादन वाढवण्यासाठी तलाव बांधला, तर ते वाढले कोणाचे, तलाव खोदणाऱ्या मजुराचे की खालच्या अंगाला जमीन असलेल्या बागायतदाराचे? आपला प्रश्न असा कायद्याच्याच शब्दांतून उभा राहिला, की त्याचे महत्त्व वेगळे सांगत बसावे लागत नाही.

'या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही' हे वाक्य मात्र कृपया लिहू नये. परीक्षकांना असे एखादे संशोधन हमखास आठवते. आणि कोणी अभ्यास केलेला नाही, एवढ्यावरून तो करण्याची गरज सिद्ध होत नाही. आधीच्या अभ्यासकांनी काय दाखवले आणि त्यांचा शोध कोठे थांबला, हे त्यांचा मान राखून सांगावे.

उद्दिष्टे आणि व्याप्ती यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण त्यांचा साचा विद्यापीठ ठरवून देते. तरीही शेवटचे प्रकरण संपल्यावर उद्दिष्टे पुन्हा वाचावीत आणि ज्याचे उत्तर प्रबंधात सापडत नाही, ते उद्दिष्ट निःसंकोच खोडावे. मर्यादा लिहिताना 'वेळेअभावी' हा शब्द टाळून, पाहणी केलेली गावे का निवडली, याचे खरे कारण द्यावे.