लंडनच्या बार्ट्स हॉस्पिटलच्या आवारात चर्च कसं काय आलं?

आलं नाही हो, ते आधीपासून हॉस्पिटलचंच होतं. सेंट बार्थोलोम्यू-द-लेस नाव त्याचं. राहेर नावाच्या माणसाने ११२३ मध्ये मठ आणि हॉस्पिटल सुरू केलं, त्याच हॉस्पिटलचं हे प्रार्थनाघर. पुढे इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मठ बंद पाडले, तेव्हा हॉस्पिटलची बाकीची प्रार्थनाघरं गेली, हे एकच राहिलं आणि पॅरिश चर्च झालं (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला भाग). मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे त्याची पॅरिश म्हणजे फक्त हॉस्पिटलचं आवार होतं, बस्स! म्हणजे तिथे राहणारी माणसं हीच त्याची वस्ती होती. आर्किटेक्ट इनिगो जोन्सचा बाप्तिस्मा १५७३ मध्ये इथेच झाला.

हेन्रीचा पुतळा असलेल्या गेटमधून आत शिरलं की लगेच चर्च दिसतं. बुरुज पंधराव्या शतकातला, पण आत गेलात तर एकदम अष्टकोनी हॉल, कारण १७८९ मध्ये जॉर्ज डान्सने जुन्या भिंतींच्या आत लाकडाचा अष्टकोन बसवला, तो काही वर्षांतच कुजला, मग १८२० च्या दशकात थॉमस हार्डविकने तोच आकार ठेवून दगड-लोखंडात परत बांधला. बुरुजात दोन मध्ययुगीन घंटा अजून आहेत, त्या नक्की लक्षात ठेवा.

२०१५ मध्ये स्वतंत्र पॅरिश संपली, शेजारच्या सेंट बार्थोलोम्यू-द-ग्रेट चर्चच्या पॅरिशमध्ये विलीन झाली.