आधी कपाटाची किल्ली मुलीच्या हातात द्या

भांडुपहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. ७९ टक्के, सीईटीला चांगले पर्सेंटाइल, नीटमध्ये मात्र सरकारी एमबीबीएसला पुरतील एवढे गुण नाहीत. तिला बीएस्सी ॲग्री करून पुढे ॲग्रॉनॉमीत, म्हणजे शेतात पीक कसं घ्यायचं याच्या शास्त्रात, संशोधन करायचंय. वडील लिहितात: ‘माझ्या वडिलांनी ७२च्या दुष्काळानंतर माण तालुक्यातली शेती सोडली आणि गिरणीत लागले. आज ते ८१ वर्षांचे आहेत, या विषयावर काही बोलत नाहीत. दोन पिढ्या मुंबईत घासल्यावर मुलीनं परत चिखलात जायचं का? तिची सगळी कागदपत्रं मी कपाटात ठेवली आहेत, किल्ली माझ्याकडे आहे. महिनाभर आमचं बोलणं बंद आहे. तिनं नीट रिपीट करावी, नाहीतर मुंबईतच बायोटेक घ्यावं. तेही शेवटी बियाण्याचंच संशोधन ना? तुम्ही तिची समजूत घाला.’

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. गुणांबद्दल काळजी करावी असं त्यात काहीच नाही. मी अडले ती किल्लीपाशी.

मुलीची मार्कलिस्ट, लिव्हिंग सर्टिफिकेट, डोमिसाइल कुलपात ठेवायचं आणि वर तिच्यापुढे दोन पर्याय ठेवायचे, याला पर्याय देणं म्हणत नाहीत. प्रवेशाच्या फेऱ्या कुणाच्या घरातला अबोला संपायची वाट बघत नाहीत. एक तारीख चुकली की वर्ष गेलं, आणि ते कशामुळे गेलं हे ती कधीच विसरणार नाही. तुम्ही मला तिची समजूत घालायला सांगितलंत. मला समजूत तुमची घालायची आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिते. आज रात्री कपाट उघडा आणि फाइल तिच्या हातात द्या. बाकीचं पत्र त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

नीट रिपीट करण्याबद्दल एवढंच सांगते. डॉक्टर व्हायचंच नाही अशी मुलं रिपीटला बसवलेली मी खूप पाहिली आहेत. खुर्चीच्या काठावर बसतात, प्रश्न त्यांना विचारला तरी आधी वडिलांकडे बघतात, आणि उत्तराची सुरुवात ‘बाबांचं म्हणणं आहे की’ अशी करतात. तुमची मुलगी तशी नाही. तिला काय करायचंय ते तिला सांगता येतं. अठराव्या वर्षी हे फार थोड्यांना जमतं.

आता तुमच्या वडिलांबद्दल. तुमच्या पत्रात सगळ्यात खरी वेदना त्या ओळींत आहे आणि मी ती हलकी मानत नाही. पण तुमच्या वडिलांना शेतीचा कंटाळा आला म्हणून ते मुंबईला आले का? त्यांना पाण्यानं हाकललं. माण हा पर्जन्यछायेतला मुलूख. तिथला शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पावसावर नाही, जमिनीत साठलेल्या ओलीवर येतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरायचा आणि पुढे काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या पाण्यावर कणीस भरेपर्यंत पीक तगवायचं. ती ओल कशी टिकवायची, भेगा पडायच्या आत कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती वरवर मोकळी करणं, किती वेळा करायची, उताराला आडवी पेरणी केली तर किती पाणी मुरतं, ज्वारीच्या ताटांची गर्दी किती ठेवायची, हे सगळे ॲग्रॉनॉमीचे प्रश्न आहेत. सोलापुरात या कोरडवाहू शेतीवर १९३०च्या दशकापासून संशोधन चालू आहे. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे तुमच्या वडिलांच्या कानावर नक्की पडलं असेल. कोळप्यानं वरचा थर मोकळा झाला, भेगा बुजल्या, की खालची ओल उडून जात नाही. तुम्ही ज्याला चिखलात परत जाणं म्हणता, ते मला ज्या प्रश्नानं तुमचं घर गावातून उठवलं त्या प्रश्नाकडे जाणं वाटतं.

बायोटेकबद्दलचा तुमचा समज मात्र साफ चुकीचा आहे, आणि तुम्ही एकटे नाही, निम्मे पालक हेच समजतात. बियाणं सुधारणं, नवे वाण काढणं हे पैदासकारांचं काम; ते शेतात कसं पिकवायचं हे ॲग्रॉनॉमीचं. पैदासीचं उत्तम उदाहरण तुमच्यापासून फार लांब नाही: ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अणुकिरणांचा वापर करून भुईमुगाचे वाण तयार झाले, त्यातला टीएजी-२४ शेतकऱ्यांनी मनापासून स्वीकारला. पण वाण पिशवीत असेपर्यंत तो फक्त शक्यता असतो. भुईमुगाच्या आऱ्या, म्हणजे फुलानंतर खाली वाढणारे देठ, जमिनीत शिरतात आणि शेंग आपल्याला लागणारं कॅल्शियम मुळांकडून नाही, थेट भोवतालच्या मातीतून घेते. तिथल्या मातीत ते नसेल तर वाण कितीही चांगला असो, शेंगा पोचट निघतात. मग कॅल्शियम पुरवणारं जिप्सम किती द्यायचं, कधी द्यायचं, झाडाच्या किती जवळ टाकायचं? हे प्रयोगशाळेत बसून कळत नाही. त्यासाठी शेताचे वाफे पाडावे लागतात, कुठल्या वाफ्याला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवावं लागतं, आणि तोच प्रयोग पुढच्या हंगामात पुन्हा करावा लागतो. ही पद्धत रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं इंग्लंडच्या रॉथमस्टेड इथल्या शेतांवर काम करताना घडवली. तो तिथे १९१९ साली रुजू झाला. त्याच रॉथमस्टेडमध्ये १८४३ साली सुरू झालेला गव्हाचा खतप्रयोग आजही चालू आहे. कृषी विद्यापीठांत ॲग्रॉनॉमीचा विभाग ‘कृषिविद्या’ नावानं असतो. मुंबईतल्या बायोटेकच्या पदवीत हा विषय शिकवत नाहीत.

वाट तशी सरळ आहे: सीईटीवरून राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार विद्यापीठांच्या महाविद्यालयांत चार वर्षांची पदवी, मग एमएस्सीची प्रवेश परीक्षा, मग पीएचडी. सातबारा नावावर नसला तरी प्रवेश मिळतो, भीती बाळगू नका.

यापुढचं मुलीसाठी, तिलाच वाचायला द्या. बाळ, या क्षेत्रात उशीर खूप आहे. एका हंगामाला एकच प्रयोग, आणि पाऊस दडी मारून बसला तर तोही गेला. विद्यापीठांत नोकरीच्या जागा वर्षानुवर्षं भरल्याच जात नाहीत, त्यामुळे पीएचडी झाली की नोकरी तयार, असं समजू नकोस. बियाणं, खत, ठिबकच्या कंपन्या आहेत, बँकांत कृषी अधिकारी आहेत, राज्याची कृषी सेवा आहे, पण ते संशोधन नव्हे. गणित आवडत नसेल तर आत्ताच सांग, कारण संख्याशास्त्राशिवाय इथे पान हलत नाही. आणि शेवटच्या वर्षात खेड्यात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं. ‘मुलीच्या जातीला उन्हातान्हात झेपेल का’ असं तुझ्या बाबांनी लिहिलंय. भाताची लावणी या राज्यात कोण करतं ते त्यांना मी वेगळं सांगायला नको.

आणि तुम्हाला एक विनंती. जुलैत एक दिवस रजा टाका. आधी फोन करून परवानगी घ्या, ठाण्याला गाडी बदलून कर्जतची लोकल पकडा आणि मुलीला घेऊन तिथल्या भाताच्या संशोधन केंद्रावर जा. चारसूत्री लावणी दाखवा म्हणावं. चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध युरिया-डीएपी खताची एक गोळी, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, बोटानं सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबतात. वरून फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहून जातो, हवेत उडतो. खोल दाबलेला मुळांपाशी राहतो. भात तोच, खत तेच, फक्त जागा बदलली. तुमच्या मुलीला जे शिकायचंय ते तुम्हाला तिथे डोळ्यांनी दिसेल. जमलं तर पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्रही बघा, समुद्राचं पाणी घुसून खारवलेल्या जमिनीत भात पिकवण्याचं काम तिथे चालतं.

निघायच्या आदल्या रात्री तुमच्या वडिलांपाशी बसा. ते काही बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंत, पण त्यांना कुणी विचारलंय का, ते पत्रात नाही. मुलीलाच विचारू द्या: आजोबा, तुम्ही शाळू कधी पेरायचात, आणि कोळपण्या किती द्यायचात?