सिरीज वन लँड रोव्हरचं जुनं ॲल्युमिनियम हार्डटॉप अस्सल आहे का, आणि दुरुस्त कसं करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी १९५७ ची ८८ इंची सिरीज वन (८८ इंच म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, व्हीलबेस), सध्या कापडी हूडवर. रत्नागिरीकडच्या एका भंगारवाल्याकडे ॲल्युमिनियमचं हार्डटॉप (छत, बाजू आणि मागचं दार असा पत्र्याचा वरचा सांगाडा) आहे, तो त्याला 'ओरिजिनल' म्हणतो. घ्यावं का, आणि घेतलं तर नीट कसं करावं?

टेप घेऊन निघायच्या आधी स्वतःची गाडी मोजून कागदावर लिहून घ्या: विंडस्क्रीनच्या वरच्या पट्टीची रुंदी, दाराच्या मागच्या कडेपासून टेलगेटपर्यंत हौद्याची लांबी, आणि हौद्याच्या दोन्ही काठांवरच्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर. हार्डटॉपला चेसिससारखा नंबर नसतो. त्यामुळे 'मॅचिंग नंबर' वगैरे कोणी सांगायला लागलं तर फक्त ऐकून घ्या. मापं मात्र खोटं बोलत नाहीत.

८० इंची गाडी (१९४८ ते १९५३) सगळ्यात आखूड, तिचं हार्डटॉप तुमच्या हौद्याला पुरणार नाही. १९५४ ला आलेल्या ८६ इंचीचा हौदा लांबला. १९५६ मध्ये ८६ ची ८८ झाली ती डिझेल इंजिनाला जागा करण्यासाठी, आणि ते दोन इंच बल्कहेडच्या (इंजिन आणि केबिनमधल्या आडव्या भिंतीच्या) पुढे वाढवले, मागे काहीच बदललं नाही. म्हणजे ८६ चं हार्डटॉप तुमच्या ८८ ला चालतं. १०७ आणि १०९ इंचीची बाजू लांब असते, ती कापून आखूड करायच्या फंदात पडू नका. सगळ्यात जास्त फसगत होते ती १९५८ नंतरच्या सिरीज टूच्या भागांनी. त्या गाडीची बॉडी रुंद झाली, कमरेला गोलाई आली. तीही '८८' च, त्यामुळे विकणारा प्रामाणिकपणे चुकीचं सांगू शकतो. सिरीज टूचं हार्डटॉप सिरीज वनवर ओढूनताणून बसवलं की पुढे विंडस्क्रीनशी जमत नाही आणि दारांच्या वरच्या भागात फट राहते.

माप जुळलं की लोहचुंबक काढा. लँड रोव्हरची बॉडी बर्माब्राइटची असते, म्हणजे ॲल्युमिनियममध्ये साधारण दोन टक्के मॅग्नेशियम. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादावर रेशनिंग होतं, म्हणून हा पत्रा आला. छताला आणि बाजूंना चुंबक चिकटला तर ते पोलादी पत्र्याचं स्थानिक काम आहे, विषय संपला. पण कोपऱ्यांचे अँगल, काठाच्या पट्ट्या आणि पुढची मजबुतीची पट्टी इथे चुंबक चिकटायलाच हवा, कारण ते भाग गॅल्वनाइज केलेल्या पोलादाचे असतात. सगळंच ॲल्युमिनियम निघालं तर मला आधी संशय येईल की हे आपल्याकडच्या एखाद्या बॉडीबिल्डरने बांधलंय. स्थानिक पत्रा बहुतेक मऊ असतो. कडेचा सुटा तुकडा हाताने वाकवून पाहा: बर्माब्राइट स्प्रिंगसारखं परत येऊ पाहतं, साधं ॲल्युमिनियम वाकलं तिथेच राहतं.

खिडक्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नका. त्या काळी ब्रिटनमध्ये चालकाच्या मागे बाजूला काचा असल्या की गाडी प्रवासी समजली जाई आणि तिच्यावर खरेदी कर लागे. म्हणून तिथे विकलेली पुष्कळ हार्डटॉप बिनखिडकीची होती. परदेशी पाठवलेल्यांना खिडक्या असत. तेव्हा दोन्ही प्रकार अस्सल असू शकतात. बघायचं ते हे, की खिडकी नंतर कापलेली आहे का. कारखान्याच्या खिडकीचे कोपरे एकसारखे गोल, चौकट चॅनेलची, काच सरकणारी. ग्राइंडरने कापलेल्या भोकाला कोपरे वेगवेगळे असतात आणि कडेवर कटरच्या रेघा दिसतात.

छतावर दुसरा पत्रा, मध्ये हवेची पोकळी आणि आतून उघडणारी झडपं असतील तर ते ट्रॉपिकल रूफ आहे. हा खरा दुर्मीळ माल. तो अख्खा असेल आणि बाकी सगळं सडलेलं असेल, तरी घ्या. भंगारवाला वजनावर देत असेल तर अजिबात घासाघीस करू नका, तो शुद्धीवर येईल.

आता कामाचं. पहिली गोष्ट, हे कुठल्याही डेंटरकडे टाकून येऊ नका. पोलादाच्या सवयीनेच ही हार्डटॉप मरतात.

रंग काढायला कॉस्टिकच्या टाकीत कधीच बुडवू नका. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, हायड्रोजन सुटतो आणि पत्रा पातळ होऊन हातात येतो. सँडब्लास्टिंगही नको, मोठा सपाट पत्रा ताणला जाऊन कायमचा डबडबतो. पेंट रिमूव्हर, प्लास्टिकचं खरवडं, नायलॉनचा स्कॉचब्राइट एवढ्यावर भागवा. तारेचा ब्रश लागलाच तर स्टेनलेसचा, आणि तो दुसऱ्या कशाला वापरलेला नसावा. साध्या लोखंडी ब्रशचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच नंतर रंगाला फोड येतात. गटाराच्या आतल्या बाजूला किंवा बोल्टच्या वॉशरखाली रंग ठेवून हळूहळू घासा, थरांची वलयं दिसतील. सगळ्यात खालचा थर तुमचा मूळ रंग. डीप ब्राँझ ग्रीन निघाला तर रंगवाल्याला बीएस ३८१सी (रंगांचं ब्रिटिश मानक) मधला २२४ नंबर सांगा.

रंग गेल्यावर खरा आजार दिसतो: पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे चिकटून आहेत तिथे पांढरी भुकटी आणि फुगलेला पत्रा. दोन धातूंमध्ये खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम झिजतं, पोलाद वाचतं. कोकणातलं हार्डटॉप म्हणजे हे असणारच. त्यामुळे पोलादी पट्ट्या न काढता वरून पुटी मारणं म्हणजे पैसे पाण्यात. सगळे रिवेट ड्रिल करून पट्ट्या सुट्या करा. ड्रिलआधी प्रत्येक तुकड्यावर खूण करा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा, डावं-उजवं सारखंच दिसतं.

भुकटी घासून आतला चकचकीत धातू दिसेपर्यंत जा. खड्डा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल असेल किंवा आरपार भोक असेल तर तेवढा भाग कापून नवा तुकडा लावा. मूळ पत्रा कॅलिपरने मोजा. साधारण १.२ मिमी येईल. ५२५१ ग्रेडचा पत्रा बर्माब्राइटला सर्वांत जवळचा. वेल्डिंग आर्गॉनचंच, एसीवर, ५३५६ ची १.६ मिमी रॉड. जोडाच्या दोन्ही बाजू ॲसिटोनने पुसून लगेच स्टेनलेस ब्रश मारायचा, नाहीतर ऑक्साइडमुळे वेल्ड काळं आणि सच्छिद्र येतं. तडा असेल तर त्याच्या टोकाला आधी ३ मिमीचं भोक पाडा, मगच भरा. नाहीतर तडा वेल्डच्या पुढे चालत राहतो.

पोच काढायला लोखंडी हातोडा नको, लाकडी मोगरी आणि वाळूची पिशवी घ्या. बर्माब्राइट ठोकलं की कडक होतं आणि कडेला फाटतं. वाकवण्याआधी ते मऊ करावं लागतं: पत्र्यावर साधा कपड्याचा साबण चोळा, मागून मऊ ज्योत फिरवत राहा. साबण काळा पडला की थांबा. ॲल्युमिनियम लाल होत नाही, सरळ वितळून खाली पडतं, म्हणून हा साबणच तुमचा थर्मामीटर. छतावर कोणी उभं राहिल्याने आलेला मोठा उथळ पोच मात्र ठोकू नका. आतून दोन्ही तळव्यांनी दाबून येईल तेवढा आणा आणि उरलेला राहू द्या. ठोकून पत्रा ताणला तर छत खड्ड्यात-खड्ड्यात टणटण वाजत राहील.

ट्रॉपिकल रूफचे दोन पत्रे गरज नसताना वेगळे करू नका. पोकळीत माती आणि गांधीलमाशीची घरटी असतात. पाण्याचा पाइप आणि कॉम्प्रेसरची हवा आलटून पालटून मारा, पाणी स्वच्छ वाहीपर्यंत. झडपांचं रबर दगड झालेलं असतं, ते बदलायचंच.

पोलादी पट्ट्या परत हॉट डिप गॅल्वनाइज करून घ्या. टाकी साधारण ४५० अंशांची असते. बंद पोकळी असलेल्या तुकड्याला आधी हवेची भोकं पाडा, आत पाणी अडकलं तर टाकीत स्फोट होतो. पातळ पट्ट्या थोड्या वाकून येतात, त्या सरळ करताना जस्त तडकू देऊ नका. जस्तावर थेट ऑइल पेंट मारू नका, काही महिन्यांत सालपटं निघतात.

प्रायमरमध्ये दोन रस्ते आहेत, त्यांची मिसळ करू नका. एक तर वॉश प्रायमरचा (धातूला पकड देणाऱ्या ॲसिडवाल्या प्रायमरचा) पातळ हात, म्हणजे खालचा धातू जरा दिसेल इतकाच, आणि त्यावर टू-के सरफेसर (हार्डनर मिसळून मारायचा भरणीचा प्रायमर). नाहीतर घासलेल्या धातूवर थेट एपॉक्सी प्रायमर. ॲसिडवाल्या वॉश प्रायमरवर एपॉक्सी मारली की बऱ्याचदा पकड जाते. घासल्यावर त्याच दिवशी प्रायमर मारा, पावसाळ्यात तर काही तासांत. पुटी लागलीच तर एपॉक्सीच्या थरावर.

परत जोडताना पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या मध्ये काहीतरी हवंच: ब्यूटिल टेप किंवा पॉलियुरेथेन सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं ॲसिड धातू खातं. बाहेरच्या बाजूला बंद टोकाचे ॲल्युमिनियम रिवेट घ्या, साध्या पॉप रिवेटच्या मधून पाणी झिरपतं. ३.२ च्या रिवेटला ३.३ मिमीचं ड्रिल, ४.८ ला ४.९.

बोल्टबाबत घाई नको. सिरीज वनवर बीएसएफ आणि बीए हे जुने ब्रिटिश आटे असतात. पाव इंची बीएसएफला इंचात २६ आटे, यूएनएफ या नंतरच्या अमेरिकी पद्धतीच्या आट्याला २८. दोन फेरे सहज जातात आणि मग आटा मरतो. थ्रेड गेज दहा मिनिटांत उत्तर देतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जुने साइझ विचारून पाहा. झिंक प्लेटिंगचे बोल्ट आणि नायलॉनचे वॉशर घ्या. स्टेनलेस बोल्ट थेट पत्र्यावर घट्ट केला तर त्याच्या भोवतीच परत पांढरी भुकटी सुरू होते.

सरकत्या खिडकीचं चॅनेल गंजून फुगतं आणि काचेला चिमटतं. चॅनेलच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी नसतील तर नवं चॅनेलही दोन पावसाळ्यांत जाईल. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून आधी पुठ्ठ्याचा नमुना चॅनेलमध्ये सरकवून पाहा, मग काच बनवायला द्या.

बसवण्याआधी हौद्याचे दोन्ही कर्ण मोजा. चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर हार्डटॉप निर्दोष असूनही बसणार नाही, आधी हौदा सरळ करा. मग बाजू, मागचं दार, छत या क्रमाने, सगळे बोल्ट नुसते हाताने लावून. छत दोघांना उचलतं, पण चौघं बोलवा, एका कोपऱ्यावर टेकलं की वळतं. विंडस्क्रीनचे बिजागरीचे बोल्ट सैल करा, म्हणजे पुढची पट्टी छताला भेटायला थोडी मागेपुढे होईल. दारं लावून फटी बघा, आणि समाधान झालं की मधून बाहेरच्या दिशेने आलटून पालटून आवळा. रबर चेपून निम्मं होईल एवढंच, त्याहून जास्त नाही. मग पाइपने पाणी खालून वर मारत न्या, वरून सुरुवात केली तर गळती कुठली हे कळत नाही.

आरसीवर 'बॉडी टाइप' काय लिहिलंय ते खरेदीआधी पाहून घ्या. ओपन असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाची नोंद लागेल का, हे तुमच्या आरटीओत विचारा. पहिल्या चारपाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा परत तपासा, नवं रबर बसलेलं असतं आणि निम्मे तरी सैल सापडतात.